अफजलखानाची स्वारी : तुळजापूर, पंढरपूर व माढें यांविषयींच्या साधनांची पारख

विजापूरचा सरदार व वाईचा सुभेदार अफजलखान १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाखालीं मारला गेला. या गोष्टीस साडेतीनशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी त्याचा खटला लोकांच्या चावडीवर अजून चालूच आहे. १० नोव्हेंबर २०२२ रोजीं, म्हणजे नेमक्या त्याच तारखेस, त्याच्या कबरीभोंवतालचें अनधिकृत बांधकाम सरकारनें काढविलें. जुलै १९५९ नव्हे, तर जुलै २०२४ मध्यें, म्हणजे त्रिशतसांवत्सरिकही मागें पडून दोन पिढ्या झाल्यावर, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें साताऱ्यास आलीं, व तीं पाहण्यास लोटलेल्या गर्दींत फार थोड्यांनीं हा विचार केला असेल कीं, हीं तींच वाघनखें असें त्या संग्रहालयानेंही कधीं छातीठोकपणें म्हटलेलें नाहीं. ग्रँट डफ याजकडे तीं आलीं एवढाच त्यांचा माग लागतो.

या खटल्यांत दोन पक्ष आहेत. एकाला खान म्हणजे निव्वळ मूर्तिभंजक दैत्य. दुसऱ्याला तो धन्याची चाकरी इमानानें बजावणारा, पदरीं कृष्णाजी भास्करासारखा ब्राह्मण वकील बाळगणारा एक अंमलदार. दोन्ही पक्ष मोठ्यानें बोलतात, आणि दोघेही कागदाचें वय विचारीत नाहींत. सोलापूर प्रांतांतील संशोधकांस या वादापासून अलिप्त राहतां येत नाहीं, कारण खानावरील मुख्य आरोपाचा मुलूख आपलाच आहे. तुळजापूर सोलापुराहून चौदा कोसांवर, आणि पंढरपूर तर आपल्या जिल्ह्यांतलेंच. शिवाय माढ्याच्या विठ्ठलमूर्तीविषयीं जो वाद गेलीं चाळीस वर्षें चालू आहे, त्याची एक मुळी याच स्वारींत गुंतलेली आहे. म्हणून या स्वारीच्या साधनांची एकदां नीट पारख करावी, असें आम्हांस वाटलें.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, खान कठोर होता कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या मतें वादाचा नाहींच. शिऱ्याचा राजा कस्तूरीरंग शरण येऊन बोलणें करावयास आला असतां मारला गेला, ही हकीकत जदुनाथ सरकारांनीं आपल्या १९१९ च्या शिवचरित्रांत दिली असून पुढील इतिहासकारांनीं ती स्वीकारली आहे. १६४८ त मुस्तफाखानानें शहाजीराजांस जिंजीच्या छावणींत कैद केल्यावर त्यांस विजापुरास पोंचविण्याच्या कामींही याच खानाचें नांव येतें. राजापूरच्या वखारीचा इंग्रज प्रमुख रेव्हिंग्टन १० डिसेंबर १६५९ च्या पत्रांत लिहितो कीं, दहा हजार स्वार-प्यादे देऊनही शिवाजी आटोपणार नाहीं हें राणीस ठाऊक होतें, म्हणून तिनें खानास मैत्रीचें सोंग करावयास सांगितलें. हें पत्र वधानंतर अवघ्या महिन्यानें लिहिलेलें असून लिहिणारा मराठ्यांचा भाट नव्हे. तेव्हां खानाच्या कठोरपणासाठीं देवळांच्या गोष्टींचा आधार घेण्याची गरजच पडत नाहीं. त्या गोष्टींची पारख त्यामुळें अधिक मोकळेपणानें करतां येते.

खानाच्या बिरुदांत बंडखोरांचा व काफरांचा संहारक, मूर्तींचा पाया उखडणारा अशा अर्थाचीं विशेषणें येतात, व आरोप करणारे तीं कबुलीजबाबासारखीं पुढें ठेवतात. ताम्रपट वाचण्याची संवय असलेल्या आमच्या वाचकांस येथें सावध करावयास नकोच. देवगिरीचे यादव स्वतःस गुर्जरवारणांकुश म्हणवीत, म्हणून गुजराथचा प्रत्येक राजा त्यांच्या अंकुशाखालीं होता असें कोणी मानीत नाहीं. बिरुदावरून माणसाची हौस कळते, अमुक दिवशीं अमुक गांवीं त्यानें काय केलें हें कळत नाहीं. मात्र हौसही इतिहासाचाच भाग आहे. मूर्तिभंजन हें भूषण मानणाऱ्या माणसानें तें केल्याची वार्ता आली, तर ती केवळ असंभाव्य म्हणून टाकून देतां येत नाहीं.

दुसऱ्या पक्षाचा आवडता पुरावा म्हणजे खानाचे हिंदु चाकर. तोही तितकाच पोंचट आहे. खंडोजी खोपडे खानाकडे गेला, कान्होजी जेधे महाराजांकडे राहिला. महाराजांच्या निवडक सोबत्यांत सिद्दी इब्राहीम होता. यावरून त्या काळच्या चाकरीची रीत कळते, धन्याचा स्वभाव कळत नाहीं. देशमुखाला आधीं वतन, मग बाकी सर्व. अली आदिलशहाचें १६ जून १६५९ चें कान्होजीस आलेलें फर्मान पाहावें. शिवाजीनें निजामशाही कोंकणांतील मुसलमानांस उपद्रव दिला, त्याच्या पारिपत्यास अफजलखानाची नेमणूक झाली आहे, त्यास सामील व्हावें, असा त्याचा आशय. तें फर्मान घेऊन कान्होजी पुत्रांसह महाराजांपुढें उभा राहिला व वतनावर पाणी सोडलें, ही करीन्यांतील हकीकत प्रसिद्धच आहे. एकानें वतन राखलें, दुसऱ्यानें सोडलें. खान दयाळू होता कीं निर्दय, याचा या दोन्ही निर्णयांशीं फारसा संबंध दिसत नाहीं.

वाईच्या सुभेदारीकडे मात्र आरोप करणारांनीं अधिक लक्ष द्यावयास पाहिजे होतें. १६४९ पासून तो मुलूख खानाकडे होता. जावळीच्या मोऱ्यांचें प्रकरण त्याच सुमारास त्यानें हातीं घेऊं पाहिलें व त्या कामीं कान्होजी जेध्याची मदत मागितली. वसूल, वतनांचे तंटे, एका देशमुखास दुसऱ्यावर घालणें, हें सुभेदाराचें नित्याचें काम तो करीत होता. १६५९ त याच मुलखाच्या वाटा, माणसें व भांडणें ठाऊक असलेला सरदार म्हणून दरबारानें त्याची निवड केली. या बाजूचा खान बखरींत नाहीं, आणि पोवाड्यांत तर नाहींच. लोकस्मृति अंमलदारांचे दोनच वर्ग ठेवते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत बादशाही कोठारें लोकांस मोकळीं केलीं, तर त्यांची रसद भरावयास प्रत्यक्ष विठ्ठल विठू महार होऊन बेदरास गेला. आणि खानानें देवास हात लावला, तर त्याच्या मरणाची आज्ञा प्रत्यक्ष भवानीनें दिली. दामाजीपंत वसुलाचें काम कसें करीत, हें त्या कथेंतून जसें कळत नाहीं, तसेंच खान वाईस दहा वर्षें काय करीत होता, हें या कथेंतून कळत नाहीं.

अशा अंमलदाराची चिकित्सा कशी करावी, याचा एक फार जुना दाखला आपल्या मुलखाबाहेर आहे. हज्जाज बिन यूसुफ हा ६९४ पासून ७१४ पर्यंत इराकचा सुभेदार होता. ६९२ त त्यानें मक्केस वेढा घालून यंत्रांनीं दगडांचा मारा केला. कूफा व बसरा येथील बंडें त्यानें रक्तांत बुडविलीं. सईद बिन जुबैर यासारख्या विद्वानाचा शिरच्छेद करविला. मुहंमद बिन कासीम यास सिंधवर पाठविणारा तोच. त्याच्या क्रूरतेच्या गोष्टी लिहिणारे बहुतेक ग्रंथकार उमय्या घराणें ७५० त बुडाल्यानंतरचे, म्हणजे त्याच्या धन्याच्या शत्रूंच्या राज्यांतले. बलाजुरी व तबरी हे तर त्याच्या मरणानंतर दीडदोनशें वर्षांनीं झाले. इकडे त्याच्या स्वतःच्या काळचे अवशेष निराळेंच बोलतात. सासानी धाटणीच्या दिरमांवर त्याचें नांव आहे. दफ्तर फारसींतून अरबींत त्याच्याच अमदानींत आलें. वासित हें शहर त्यानें वसविलें. यावरून कांहीं युरोपीय पंडितांनीं त्यास केवळ शिस्तीचा कारभारी ठरविलें. आमच्या मतें तेंही चुकलें. नाणें पाडणारा व माणसें मारणारा हात एकच असूं शकतो. नाण्यावरून खुनाचें खंडन होत नाहीं, आणि खुनावरून नाणें खोटें ठरत नाहीं. आणखी एक गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. हज्जाजाचे कडवे निंदक त्याचे स्वधर्मीयच होते, तेव्हां त्याचा वाद धर्माधर्मांतला नसून राजा व प्रजा यांच्यामधला होता.

सिंधच्या स्वारीसंबंधानें त्याचीं म्हणून जीं पत्रें नेहमीं उद्धृत होतात, तीं चचनाम्यांतलीं. हा फारसी ग्रंथ अली कूफीनें १२१६ च्या सुमारास उच येथें सिद्ध केला, म्हणजे स्वारीनंतर पांचशें वर्षांनीं. तो जुन्या अरबी ग्रंथाचा अनुवाद आहे, असें तो स्वतः सांगतो व शंभर वर्षें सर्वांनीं तें खरें धरलें. मनान अहमद आसिफ यांनीं २०१६ त दाखवून दिलें कीं, तो तेराव्या शतकांतील राज्यनीतीचा ग्रंथ म्हणून वाचावयास पाहिजे. हें मत कोणास पूर्णपणें पटो न पटो, त्यानें विचारलेला प्रश्न योग्य आहे. आमच्याकडे चिटणिसाच्या बखरीस तोच प्रश्न विचारावयाचा आहे, आणि तो अजून पुरता विचारला गेलेला नाहीं. ताजिकांच्या पुढील स्वाऱ्यांविषयीं गुजराथेंतील चालुक्य पुलकेशीचा नवसारीचा ताम्रपट, कलचुरि संवत् ४९०, घटनेच्या जवळचा व रोकडा. पांचशें वर्षांनंतरच्या ग्रंथाची सर त्यास येत नाहीं, आणि उलटही नाहीं. ताम्रपटासही स्वतःच्या राजाची स्तुति करावयाची असते.

आतां अफजलखानाच्या साधनांची उतरंड लावूं. जूनचें फर्मान स्वारीच्या आधींचें. त्यांत वाटेवरील देवळें येणें शक्यच नाहीं. रेव्हिंग्टनच्या पत्राच्या प्रसिद्ध भागांत देवळांचा उल्लेख नाहीं, पण तो व्यापारी होता व त्याचें लक्ष दंडाराजपुरी, दाभोळ व गलबतें यांकडे. जेध्यांच्या शकावलींत खानाच्या वधाची नोंद आहे, वाटेची हकीकत नाहीं; शकावलीचा स्वभावच त्रोटक. या तिघांच्या मौनावरून देवळांस कांहींच झालें नाहीं असें सिद्ध करूं पाहणारे लेखक साधनाचा प्रकारच विसरतात. ज्या कागदानें जें सांगावयाचेंच नव्हतें, त्याच्या मौनाला साक्ष म्हणत नाहींत.

जीं साधनें बोलतात त्यांत कृष्णाजी अनंत सभासदाची बखर प्रमुख होय. ती १६९७ त जिंजीस राजारामाच्या आज्ञेनें लिहिली गेली, म्हणजे प्रसंगानंतर अडतीस वर्षांनीं. तुळजापूरच्या भवानीची मूर्ति फोडून जात्यांत भरडली व पुढें पंढरपुरास देवाला उपद्रव केला, असें सभासद म्हणतो. लक्ष देण्याजोगें हें कीं, तुळजापूरविषयीं तो ठाम व तपशीलवार आहे, पंढरपूरविषयीं मोघम. अज्ञानदासाच्या पोवाड्यांतही हा विषय आहे. तो प्रसंगाच्या वेळचाच अशी परंपरा, पण छापून निघाला तो १८९१ त ॲक्वर्थ व शाळिग्राम यांच्या संग्रहांत. मधल्या सव्वादोनशें वर्षांत गोंधळ्यांच्या तोंडीं त्याची भाषा व मजकूर किती फिरला, हें छापील पाठावरून ठरवितां येत नाहीं. महाराजांच्या आज्ञेनें रचलेल्या परमानंदाच्या शिवभारतांत भवानीच्या साक्षात्काराचा प्रसंग आहे. हें काव्य सभासदाहून जुनें, आणि देवीचा व या युद्धाचा संबंध महाराजांच्या हयातींतच दृढ झाला होता, एवढें त्यावरून निश्चित होतें.

या सर्वांवरून आमचा निर्णय असा : खानानें तुळजापुरीं देवीची विटंबना केली, ही समजूत एका पिढीच्या आंतली असून ती दरबारांत व लोकांत दोन्हीकडे होती, अशी समजूत निराधार म्हणणें धाडसाचें होईल. परंतु मूर्तीचें पीठ केल्याचा तपशील अक्षरशः घेतां येत नाहीं. तुळजापूरची मूर्ति चल आहे. नवरात्राच्या आधीं व दसऱ्यानंतर ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजविण्याचा क्रम आहे. म्हणजे देवीस उचलून दुसरीकडे नेण्याचा हात पुजाऱ्यांस परंपरेनेंच बसलेला. संकटकाळीं मुख्य मूर्ति दडवून ठेवली गेली असेल व फोडली ती दुसरी असेल, ही शक्यता उरते. शक्यतेहून अधिक तिला आम्ही म्हणत नाहीं. महाराजांनीं १६६१ त प्रतापगडावर भवानीची स्वतंत्र स्थापना केली, हें कांहींजण तुळजापूरची मूर्ति नष्ट झाल्याचें प्रमाण मानतात. पण तुळजापूर आदिलशाहींत होतें, व कुलदेवता आपल्या किल्ल्यावर असावी असें वाटण्यास तेवढें कारण पुरेसें होतें.

खानाच्या नांवाभोंवतीं कथा कशा चिकटतात, याचें उत्तम उदाहरण विजापूरजवळ आहे. अफजलपुऱ्याची दुमजली मशीद व खानाचें अपुरें राहिलेलें थडगें कझिन्सच्या १९१६ च्या ग्रंथामुळें सर्वांस परिचित आहे. जवळच्या सुरंग बावडीपाशीं एकाच मापाच्या साठांवर कबरी ओळीनें आहेत. स्वारीवरून आपण परत येणार नाहीं, असें भविष्य ऐकून खानानें आपल्या बायका मारल्या, त्या ह्या कबरी, असें लोक सांगतात. कबरींवर लेख नाहीं. कबर मूक असली कीं तिच्या वतीनें गांव बोलूं लागतो.

येथवर ग्रंथांची गोष्ट झाली, आतां जमिनीची. उत्तरकालीन हकीकतींवरून स्वारीचा मार्ग तुळजापूर, माणकेश्वर, करकंब, पंढरपूर, शंभुमहादेव, मलवडी, रहिमतपूर, वाई असा देण्यांत येतो. विजापुराहून वाईस जाणाराची सरळ वाट मंगळवेढ्यावरून आहे, आणि पंढरपूर भीमेच्या उजव्या तीरावर असल्यामुळें त्या वाटेनें भीमा ओलांडावीच लागत नाहीं. माण नदी तेवढी लागते. उलट तुळजापूरचा वळसा घेतला तर विजापुराहून येतांना टाकळीच्या बाजूस भीमा, मग वडकबाळाकडे सीना, तुळजापुराहून पश्चिमेस वळतांना पुन्हां सीना व पंढरपुरास पुन्हां भीमा, असे चार उतार होतात. जूनच्या मध्यास नेमणुकीचें फर्मान निघतें व नोव्हेंबरच्या दहाव्या तारखेस खान मरतो. म्हणजे हा प्रवास बहुतांशीं पावसाळ्यांतला किंवा त्याच्या शेवटचा. तोफा, हत्ती व बाजारबुणगे घेऊन हे चार उतार हौसेनें कोणी करीत नाहीं. यावरून दोन निष्कर्ष निघूं शकतात. एक असा कीं, खान तुळजापुरास गेलाच नाहीं. दुसरा असा कीं, गेला तो मुद्दाम. महाराजांच्या कुलदेवतेस हात घालून त्यांस डोंगरांतून मैदानांत ओढावें हा त्याचा हेतु होता. सभासदाची साक्ष ध्यानांत घेतां आम्हांस दुसरा निष्कर्ष ग्राह्य वाटतो. आणि तसें असेल तर ही विटंबना रागाच्या भरांतली नसून लष्करी हिशेबांतली ठरते, जी खानाच्या बाजूनें लिहिणारांस अधिक अडचणीची आहे.

हाच मार्ग खरा धरला तर माढ्याच्या प्रश्नास निराळेंच वळण लागतें. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनीं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथांत माढें येथील मूर्ति हीच विठ्ठलाची आद्य मूर्ति असें मत मांडलें. स्कंदपुराणांतर्गत म्हणविणाऱ्या पांडुरंगमाहात्म्यांत देवाच्या वक्षावरील मंत्राक्षरांचें वर्णन आहे, तशीं अक्षरें माढ्याच्या मूर्तीवर आहेत व पंढरपूरच्या मूर्तीवर नाहींत, हा त्यांचा मुख्य आधार. त्यास जोड म्हणून, अफजलखानाच्या धाकानें बडव्यांनीं मूर्ति माढ्यास नेली, ही परंपरा त्यांनीं घेतली आहे. ढेरे यांची विद्वत्ता आम्हांस वंद्य आहे, आणि मूर्तिलक्षणांचा त्यांचा युक्तिवाद स्वतंत्रपणें विचारांत घ्यावयास पाहिजे; परंतु ही जोड टिकत नाहीं असें आमचें मत आहे.

कारण नकाशा पाहावा. माढें पंढरपुराच्या उत्तरेस, भीमेच्या पलीकडे. माणकेश्वराहून करकंबास येणारी फौज बारशीवरून माढ्याच्या लगतच येते. म्हणजे शत्रु ज्या वाटेनें येत आहे त्याच वाटेवर, मध्यें भरलेली नदी ओलांडून, देव नेऊन ठेवला असें म्हणावें लागतें. बडव्यांस नदीच्या अलीकडे दक्षिणेचा मोकळा मुलूख होता. तेव्हां एक तर माणकेश्वर-करकंबाचा मार्ग सोडावा, नाहीं तर माढ्याच्या परंपरेंतलें खानाचें नांव सोडावें. दोन्ही एकत्र धरतां येत नाहींत.

आम्ही नांव सोडण्याच्या बाजूचे आहों. १६९५ पासून १६९९ पर्यंत औरंगजेबाची छावणी मंगळवेढ्याच्या मुलखांत भीमातीरीं ब्रह्मपुरीस होती, म्हणजे पंढरपुराच्या आग्नेयेस. त्या चार वर्षांत देवास उत्तरेकडे नदीपार नेणें हें समंजसपणाचें होतें. त्याच काळांत मूर्ति जवळच्या देगांवीं दडविल्याची हकीकत प्रसिद्ध आहे; देव एकापेक्षां अधिक ठिकाणीं हलला असेल, किंवा उत्सवमूर्ति व मूळ मूर्ति निराळ्या वाटांनीं गेल्या असतील. माढ्याची परंपरा या काळाची असून पुढें ती अधिक गाजलेल्या खानाच्या नांवावर चढली, असा आमचा तर्क आहे. पोवाडे औरंगजेबाच्या ब्रह्मपुरीचे गात नाहींत, खानाचे गातात. गांवोगांवच्या संकटांस त्यामुळें खानाचेंच नांव मिळतें.

हा तर्क पक्का किंवा खोटा ठरविण्यास नवी बखर नको. माढें, करकंब, माणकेश्वर व बारशी येथील कुळकर्णी व देशमुख घराण्यांच्या दफ्तरांत शके १५८१ च्या विकारी संवत्सराचे कागद असतील, तर त्यांत फौजेच्या पायमल्लीबद्दल वसुलाची सूट, बेगार, वैरण-दाण्याची मागणी यांपैकीं कांहीं ना कांहीं लागलेंच पाहिजे. फौज गांवावरून गेली कीं देवाची नोंद राहो न राहो, कडब्याची राहते. शके १६१७ ते १६२१ चे असेच कागदही तितकेच महत्त्वाचे आहेत. ज्यांच्या संग्रहीं असे रुमाल असतील त्यांनीं ते वाळवीपासून जपावे, तारखा तपासाव्या, आणि निदान नकला तरी या त्रैमासिकाकडे धाडाव्या.